पुंगळ्यांचे तीन गट

बेळगावातील आमच्या परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक बंदुकांचे दुखणे गंज हेच असते, कारण खानापूरच्या जंगलपट्ट्यातील पावसात तेल लावून ठेवलेली नळीसुद्धा आतून लाल होते. त्या कामात सांगण्यासारखे काही नाही. २०२४च्या पावसाळ्यात त्याच भागातील एका ऊस उत्पादक काकांनी आणलेली ३१५ बोअरची रायफल मात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

बार काढताच तोंडावर धूर आला आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, बुडाजवळ चिरली, अशी तक्रार होती. "काडतुसंच खराब लागल्यात म्हणे, बगा," असे काका म्हणाले. हे निदान शहरातल्याच एका मिस्त्रीचे होते आणि त्यापायी त्यांनी नवी काडतुसेही विकत घेतली होती. मिस्त्रीचा आधार एवढाच, की काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोप्या चपट्या झाल्या होत्या. टोपी चपटी म्हणजे दाब जास्त, हे अर्धे ज्ञान आमच्या धंद्यात फार पसरले आहे. बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, आणि काडतूस यांच्यात फट वाढली तरी हेच दिसते: बार होताच टोपी आधी मागे सरकते, मग पुंगळीचे बूड मागे येऊन बोल्टवर आदळते आणि बाहेर आलेली टोपी पुन्हा आत दाबली जाऊन चपटी होते.

नवी काडतुसे घेताना कोणी मागितल्या तर दाखवता याव्यात, म्हणून काकांनी एकूण एक पुंगळी जपली होती आणि कोणती कधीची हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यामुळे तीन गट करता आले: निवडणुकीसाठी रायफल ठाण्यात जमा करण्यापूर्वीच्या, परत मिळाल्यावर त्याच जुन्या पेटीतून उडवलेल्या, आणि नव्या पेटीतल्या. पहिल्या गटाचे पितळ निर्दोष होते. उरलेल्या दोन्ही गटांत बुडाच्या किंचित वर, सगळ्या पुंगळ्यांवर एकाच उंचीला, चकचकीत कडे उमटले होते. टोक वाकवलेली बारीक तार आतून घासत वर ओढली की नेमकी तिथे अडकत होती. पुंगळीची पातळ भिंत दाबाने फुगून चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घराला, घट्ट धरते, जाड बूड मात्र फट भरेपर्यंत मागे जाते, आणि या ओढाताणीत दोहोंच्या मधले पितळ ताणून पातळ होते. एकाच पेटीतली काडतुसे जमा करण्यापूर्वी चांगली आणि नंतर वाईट ठरत असतील, तर दोष काडतुसांत नव्हता.

खरी गोम भिंगाखाली दिसली. पहिल्या गटात टोपीवर आदळणाऱ्या पिनचा ठसा मध्यापासून जरा बाजूला होता आणि त्याच्या कडेला एक बारीक ओरखडा होता. पुढच्या दोन्ही गटांत तो मधोमध, खोल आणि गुळगुळीत. पिन असते बोल्टमध्ये. बोल्ट काढून त्याच्या मुठीमागचा नंबर वाचला, तर तो रायफलच्या नंबराशी जुळत नव्हता. या रायफलीची रचना ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली आहे, आणि तिथे बोल्ट त्या त्या रायफलीला बसवून घेतलेला असतो. दुसरीचा बोल्ट आत सरकतो, बंदही होतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. डमी, म्हणजे बिनदारूच्या काडतुसाच्या बुडावर सेलोटेपचे थर चढवत मी फट तपासली. निरोगी रायफलीत थोड्याच थरांनंतर बोल्ट अडतो, इथे तो निवांत बंद होत राहिला.

१६ मार्चला आचारसंहिता लागली, ७ मेला आमच्याकडे मतदान झाले आणि ४ जूनला निकाल. तोवर हत्यारे ठाण्यात होती. सुरक्षेसाठी बोल्ट वेगळे काढून ठेवणे योग्यच, पण ते एका गाठोड्यात बांधायचे आणि परत देताना हाताला लागेल तो द्यायचा, हा निष्काळजीपणा आहे. पावतीवर हत्याराचा नंबर होता, बोल्टचा नव्हता.

रायफल दुकानातच ठेवून घेतली आणि ठाण्यासाठी अर्ज काकांना लिहून दिला. त्यांचा बोल्ट ज्याच्याकडे गेला असेल, त्याची रायफल धूर सोडणार नाही. तो बोल्ट तिथे बहुधा जड जाईल. जड बोल्टवर आपल्याकडे एकच इलाज ठरलेला आहे, तो म्हणजे कानस. तसे झाले तर दोन्ही रायफली जातील. म्हणून त्या बाजूचा कोणीही ३१५ घेऊन आला, की कामाचे विचारण्याआधी मी बोल्ट काढून नंबर वाचतो. अजून तो सापडलेला नाही.