मागे टेकले आणि स्क्रीन गेली

लॅपटॉप टेबलावर ठेवता ठेवता ताई म्हणाल्या, "दादा, मी जरा मागे टेकले आणि स्क्रीन गेली." मी वहीत लिहिलं: डिस्प्ले नाही. मागे टेकण्याचं काही लिहिलं नाही. बिघाड सांगताना लोक त्या वेळचं सगळंच सांगतात, फोन आला होता, मांजर अंगावर चढलं होतं. त्यातलं निम्मं कानाआड करायची सवय लागते.

आधीच्या दुरुस्तीवाल्यानं स्क्रीनचं पॅनेल गेलं म्हणून नवं बसवलं होतं. तरी अंधारच. काढलेलं पॅनेल त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत आणलं होतं, हे एक बरं केलं.

मशीन चालू केलं. पंखा फिरला, कॅप्स लॉकचा दिवा दाबला की लागत होता. म्हणजे जीव होता. खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला. विहिरीत वाकून पाहावं तसं खाली काहीतरी पुसट हललं, मग लॉगिनचा चौकोन दिसला, त्यात त्यांचं नाव. चित्र होतं, उजेड तेवढा नव्हता. नवं पॅनेल घालण्याआधी हा टॉर्च कुणी का मारला नाही, हे मला आजही कळत नाही.

एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. पूर्वी तिच्यामागे बारीक ट्यूब असायची आणि ती पेटवायला शेकडो व्होल्ट काढणारा इन्व्हर्टर. आता कडेला पांढऱ्या एलईडींची पट्टी असते. एकामागे एक जोडलेल्या त्या एलईडींना प्रत्येकी तीनेक व्होल्ट लागतात, म्हणून पॅनेलवरचा ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारी चिप, मदरबोर्डाकडून आलेला वीजदाब चढवून घेतो. त्याला बोर्डाकडून तीन गोष्टी हव्यात: वीज, 'चालू हो' असा इशारा आणि उजेड किती हवा त्याचा सिग्नल. वीज एका फ्यूजमधून जाते. हा फ्यूज तांदळाच्या कणीहून लहान.

मल्टीमीटर लावला. फ्यूजच्या अलीकडे 19 व्होल्ट, पलीकडे शून्य. सापडला चोर! फ्यूज बदलला, स्क्रीन लख्ख उजळली. मी ताईंना फोन करून मोकळा झालो, "या, झालंय." मग काच पुसायला झाकण मागे ढकललं आणि खोलीत पुन्हा अंधार.

नवा फ्यूजही उडाला होता. चूक माझीच. फ्यूज म्हणजे राखणदार. तो का पडला हे न विचारता मी दुसरा उभा केला. (काही जण तिथे फ्यूजऐवजी सरळ तार जोडून देतात. मग पुढच्या वेळी फ्यूज नाही, केबल जळते.)

आता अ‍ॅडॉप्टर काढला, बॅटरीही सोडवली. बॅटरी जोडलेली ठेवून डिस्प्लेच्या केबलला हात लावायचा नाही. कनेक्टर तिरका निघाला आणि बॅकलाइटची, म्हणजे मागच्या उजेडाची, वीज शेजारच्या डेटाच्या पिनेवर गेली, तर एका फ्यूजवर भागत नाही. मीटरची एक टोचणी फ्यूजच्या पलीकडच्या टोकावर, दुसरी ग्राउंडवर. झाकण काटकोनात. आकडा हळूहळू चढला, कपॅसिटर भरताना चढतो तसा. शॉर्ट नव्हता. मीटर बीपवर टाकला, म्हणजे दोन टोचण्यांमध्ये विजेला थेट वाट मिळाली की तो ओरडतो, आणि टोचण्या तशाच धरून कोपरानं झाकण मागे रेटायला लागलो. थोडं, आणखी थोडं. झाकण बरंच कलल्यावर मीटर ओरडला. पुढे घेतलं, गप्प. मागे, ओरडला.

तेव्हा कुठे ताईंचं वाक्य आठवलं.

केबल पॅनेलकडून सोडवली तरी बीप येतच होता. बोर्डाकडून सोडवली तेव्हा थांबला. पॅनेल संशयातून सुटलं, बोर्डही सुटला. बिजागरीवरचं झाकण उचकटलं. केबलसाठी प्लास्टिकचा आकडा असतो, ती त्यातून जायला हवी होती. इथे ती आकड्याबाहेर, बिजागरीच्या लोखंडाला घासत गेली होती. काळी कापडी टेप झिजून तंतू निघालेले. भिंगाखाली केसाएवढ्या तारांपैकी दोन तांब्यापर्यंत सोललेल्या दिसल्या, आणि समोर बिजागरीच्या कडेवर तेवढाच चकचकीत ओरखडा.

"ही बिजागरी कधी उघडली होती का?" ताई आल्यावर विचारलं.

"वर्षभरापूर्वी. सैल झाली होती, घट्ट करून घेतली."

केबलवर टेप गुंडाळून भागलं असतं कदाचित, पण रोज वाकणाऱ्या जागी मी तसलं काम करत नाही. नवी केबल मागवली, आकड्यातून नेली, मगच तिसरा फ्यूज लावला. नवं पॅनेल जोडण्याआधी वर्तमानपत्रातलं जुनं जोडून पाहिलं. बटण दाबलं आणि ते पूर्ण उजळलं. कुठे डाग नाही, कोपऱ्यात सावली नाही. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे चांगलंच होतं?"

"चांगलंच होतं."

जुनंच बसवून द्या म्हणाल्या. नवं वर्तमानपत्रात गेलं. निघण्यापूर्वी त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, झाकण जाईल तितकं मागे केलं आणि खुर्चीला पाठ लावून माझ्याकडे पाहिलं. "एवढीच टेकले होते हो."