तुम्ही विचारलंत म्हणून : त्याच नऊ बास्केटांचा कंटाळा येत नाही का?

मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाची रांग लागली की, किंवा रविवारी पुण्याहून धाकट्या जावेचा फोन आला की, हा प्रश्न ठरल्यासारखा येतो : "वहिनी, तुम्ही अजून त्याच बागेत त्या तबकड्या फेकायला जाता? त्याच नऊ बास्केटांचा कंटाळा नाही का येत?" माझे सासरे कितीतरी वर्षे रोज सकाळी पर्वती चढत असत आणि त्याच १०३ पायऱ्यांचा कंटाळा येत नाही का, असे त्यांना कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण परदेशातल्या बागेत एकटीने जाऊन लोखंडी बास्केटमध्ये प्लास्टिकची तबकडी, म्हणजे डिस्क, टाकत बसणारी, डिस्क गोल्फ नावाचा खेळ खेळणारी पंचावन्न वर्षांची बाई उत्तर देणे लागते, हे मला मान्य आहे. उत्तर असे की होय, कंटाळा येतो. निदान गेल्या महिन्यापर्यंत येत होता. मात्र तो फक्त सहाव्या होलवर, म्हणजे सहाव्या बास्केटच्या टप्प्यावर, येत होता. उरलेल्या आठ ठिकाणी तो का येत नाही, हे आधी सांगायला हवे.

आमचा कोर्स, म्हणजे या खेळाचे मैदान, अमेरिकेत मिनिआपोलिसच्या एका उपनगरातल्या सार्वजनिक बागेत आहे. तिथे तिकीट नाही, सभासदत्व नाही, वेळ ठरवून घ्यावी लागत नाही. हिशेब गोल्फचाच असतो : सिमेंटच्या चौथऱ्यावरून, म्हणजे टी-पॅडवरून, पहिली फेक करायची, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची, आणि ती बास्केटमध्ये जाईपर्यंत किती फेकी लागल्या ते मोजायचे. बास्केट म्हणजे खांबावर साधारण कमरेच्या उंचीला बसवलेली लोखंडी परडी आणि तिच्यावर गोलाकार लोंबणाऱ्या साखळ्या. साखळ्यांनी डिस्कचा वेग शोषून घ्यावा आणि तिने खाली परडीत पडावे, अशी योजना. ती एड हेड्रिक यांची. त्यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडिनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, तेव्हा तिथे नुसते खांब होते, आणि डिस्क खांबाला लागली की नुसती घासून गेली, यावर वाद घालायला भरपूर वाव होता. साखळ्यांनी तो वाद मिटवला. त्याऐवजी साखळीच्या मधोमध लागूनही बाहेर उडालेली डिस्क हा न्याय की अन्याय, असा नवा वाद आम्हाला दिला. २००२ मध्ये हेड्रिक गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख मिसळून डिस्क बनवण्यात आल्या. ही गोष्ट मी जावेला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने नाशिकच्या रामकुंडाचा विषय काढला.

नऊ होलचा कोर्स लहान असतो म्हणून तो सोपा असणार, अशी बहुतेकांची समजूत असते. आमच्याकडे सर्वांत जवळचे बास्केट ४९ मीटरवर आणि सर्वांत लांबचे ९६ मीटरवर आहे. नवांची बेरीज सातशे मीटरही भरत नाही. प्रत्येक होलचा पार, म्हणजे अपेक्षित फेकींचा आकडा, तीन, म्हणजे एकूण २७. अठरा होलच्या मोठ्या कोर्सवर एखादी फेक वाया गेली तरी पुढे लांबलचक होल असतात, वाटेत चूक भरून काढायला जागा असते आणि वेळही असतो. इथे पहिली फेक झाडावर आदळली की दुसरी ती चूक निस्तरण्यात जाते आणि तिसरीने बास्केट गाठायचे म्हणजे नशिबाची साथ लागते. दोन होलवर असे झाले की फेरी संपल्यातच जमा, आणि तोवर घरातून निघून जेमतेम पंधरा मिनिटे झालेली असतात. माझा आजवरचा सर्वोत्तम आकडा २३ आहे. तो एकदाच आला, आणि त्या दिवशी बागेत तो पाहायला कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजोबांशिवाय कोणी नव्हते.

पहिल्या वर्षी मीही सगळे नवशिके करतात तीच चूक केली : लांब जाणारी डिस्क, म्हणजे ड्रायव्हर, विकत घेतली. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात आणि त्यांतला पहिला वेगाचा असतो. ड्रायव्हरचा बारा-तेरा, तर पटरचा, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायच्या डिस्कचा, दोन-तीन. मला वाटले होते की हा आकडा डिस्क आपल्याला किती वेग देईल ते सांगतो. प्रत्यक्षात तो डिस्क आपल्याकडून किती वेग मागते ते सांगतो. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते, आणि वेग ओसरू लागला की डावीकडे कलंडते. ज्यांच्या हातात जोर आहे त्यांच्यासाठी हे कलंडणे शंभर मीटरांनंतर सुरू होते; माझ्यासाठी ते तिसाव्या मीटरला सुरू होई आणि डिस्क थेट डावीकडच्या ओढ्याकडे निघे. त्या ओढ्यात माझे तीन ड्रायव्हर आहेत. चौथा मी घेतला नाही. आता माझ्या पिशवीत दोन पटर आणि मधल्या पल्ल्याची एक डिस्क, म्हणजे मिडरेंज, एवढेच असते, प्रत्येकी साधारण १७५ ग्रॅम वजनाचे, आणि हळू, सपाट, जिथे बघावे तिथे जाणारी फेक मला या छोट्या कोर्सने शिकवली. मोठ्या कोर्सवर मी अजूनही जोर लावण्याच्या मागे लागले असते.

यात खरी गोडी शेवटच्या दहा मीटरांत आहे. बास्केटपासून दहा मीटरांच्या आत असलात तर फेकून झाल्यावर तोल सावरून क्षणभर उभे राहावे लागते. फेकीच्या झोकात पुढे पाऊल पडले तर तो नियमभंग. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण तिसऱ्या होलचे बास्केट उतारावर आहे, त्याच्या मागे जमीन ओढ्याकडे घसरत जाते, आणि सात मीटरांवरून पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकायची जवळची फेक, करताना मनात फक्त चुकले तर डिस्क काठावर उभी राहून गडगडत कुठवर जाईल एवढेच असते. भीतीने हात आखडतो, डिस्क साखळीच्या खाली परडीच्या कडेला आपटते आणि नेमके तेच होते. लहानपणी लगोरीत मी नेम धरून चेंडू मारत असे, तेव्हा मागे ओढा नव्हता. त्या सात मीटरांचा कंटाळा यावा एवढी माझी त्यांच्याशी ओळख अजून झालेली नाही.

हिवाळ्यात तर कोर्स तोच राहत नाही. उणे पंधरा अंशांत प्लास्टिक लाकडासारखे कडक होते, बोटांना कडेची पकड कळत नाही, आणि भुसभुशीत बर्फात तिरकी शिरलेली डिस्क मागे फक्त एक बारीक चीर ठेवून दिसेनाशी होते. म्हणून आम्ही डिस्कच्या तळाला हातभर रिबीन चिकटवतो, म्हणजे डिस्क बुडाली तरी शेपूट वर राहते. जावेला मी याचा फोटो पाठवला, तर तिने पतंगाचे चित्र पाठवले.

आता सहावा होल. ५८ मीटर, सपाट हिरवळ, वाटेत एकही झाड नाही, ओढा लांब. आखणाऱ्याला कोर्सचे नऊ होल भरायचे होते म्हणून तो झाला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे उभे राहिले की मन घरी जाते : कुकर लावायचा आहे, मुलाला फोन करायचा आहे. मी फेरीचे आकडे एका छोट्या वहीत लिहिते. मागच्या दोन उन्हाळ्यांतल्या १४२ फेऱ्या मी एका रात्री होलप्रमाणे मोजल्या, तेव्हा सर्वांत जास्त वेळा चार फेकी याच होलवर लागल्याचे निघाले : ५१ वेळा. उतारावरच्या तिसऱ्यावर नाही, मेपलच्या गर्दीतून काढाव्या लागणाऱ्या सातव्यावर नाही, तर या मोकळ्या मैदानावर. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती ही. तेव्हापासून मी सहाव्याला घाबरून खेळू लागले, पण ठरवून घाबरता येत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुकर आठवलाच.

गेल्या महिन्यात उद्यान विभागाने सहावे बास्केट हलवले. बास्केटचा खांब जमिनीत पुरलेल्या नळीत बसवलेला असतो, त्यामुळे दुसरी नळी पुरली की काम झाले. आता ते वीस मीटर मागे, एका जुन्या ओकच्या आडोशाला आहे, आणि ते गाठायला फेक उजवीकडून वळवून आणावी लागते. तिथे खेळणारे इतर लोक खूश आहेत. तेव्हापासूनच्या बारा फेऱ्यांत तिथे मला एकदाही चार लागलेले नाहीत आणि कुकर एकदाही आठवलेला नाही. म्हणजे येत्या रविवारी जावेने विचारले की "नाही, आता कुठेच कंटाळा येत नाही" असे सांगावे लागणार, आणि हे मला फारसे रुचलेले नाही. ५१ वेळा चुकलेला होल सुधारायच्या आतच काढून घेतला गेला, अशी माझी तक्रार आहे. जुन्या जागची नळी झाकण लावून अजून तशीच ठेवलेली दिसली, म्हणून बास्केट निदान पुढच्या उन्हाळ्यापुरते तरी परत तिथे बसवावे, अशी विनंती करणारे पत्र मी उद्यान विभागाला धाडले आहे.