तडा काचेला, दुखणं फ्रेमला

जीपच्या पुढच्या काचेला तडा दिसला, की काचवाल्याला फोन करण्याआधी त्या तड्यावरून नख फिरवून बघावं. दगड लागला असेल तर नख कुठेतरी अडकतं. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा का होईना, खड्डा असतो आणि रेघा तिथूनच फुटलेल्या असतात. खड्डा कुठेच लागला नाही आणि रेघ थेट कडेच्या रबरातून निघाली असेल, तर काचेवर काहीही आदळलेलं नाही. तिला कडेने काहीतरी दाबतंय किंवा पिळतंय.

आमच्या एमएम ५४० ची, म्हणजे महिंद्राच्या जुन्या जीपची, रेघ डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघाली होती. चिरेखाणीच्या ट्रकवरून दगड उडाला असणार, असं घरी सगळ्यांचं म्हणणं. राजापूर तालुक्यात राहणाऱ्याला ते लगेच पटतं, जांभ्या दगडाने भरलेले ट्रक आमच्या रस्त्याला कायमचेच. पण आबांनी नख फिरवलं, मी फिरवलं, कुठेच अडकेना.

ही जीप आमच्याकडे शोभेला नाही. हंगामात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, कलमांतून आंब्याचे क्रेट खाली आणायचं काम तीच करते. वाट म्हणजे नुसता कातळ. एक चाक घळीत, त्याच्या तिरकं समोरचं दगडावर, असं दिवसभर चालतं. तेव्हा चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळते आणि पिळलीच पाहिजे, म्हणून तर बॉडी आणि चासी यांच्या मध्ये रबराचे गट्टू असतात. हे रबर वाळून दगड झालं, की पीळ सरळ बॉडीत चढतो आणि बॉडीवर नुसत्या बिजागऱ्यांवर उभ्या असलेल्या काचेच्या फ्रेमपर्यंत पोहोचतो. पत्रा वाकून घेतो. काचेला वाकता येत नाही.

त्यात आमची खारी हवा. फ्रेमच्या खालच्या पट्टीत, रबराच्या आड, पावसाचं पाणी साचून राहतं. बाहेरून रंग चकचकीत आणि आत गंज. गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, फुगतो आणि काचेची कड दाबत राहतो. अशा दाबलेल्या काचेला तडा जायला मग रस्त्यातला एखादा खड्डाही पुरतो.

आंबा संपल्यावर अणुस्कुरा घाटातून जीप कोल्हापूरला नेली, उद्यमनगरात. तिथे जुन्या जीपची कामं करणारे एक मेस्त्री आहेत. त्यांनी काचेकडे बघितलंसुद्धा नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ फ्रेमच्या खालच्या पट्टीवर ठोकत गेले. एका जागी आवाज बदलला. म्हणाले, "ताई, नवी काच आज बसवून देतो, पर दिवाळीपर्यंत तीबी जाईल. आधी फ्रेम सोडवूया."

रबर ओढल्यावर खालची पट्टी बोटाने तुटत होती. त्यांनी कुजलेला भाग कापून काढला, तसाच पत्रा वाकवून वेल्डिंग केला, सांधे घासले. त्यानंतरचं काम मला फार आवडलं. फ्रेम ओट्यावर ठेवून त्यांनी दोन्ही कर्ण टेपने मोजले आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणल्या. फ्रेम सपाट असेल तर त्या मधोमध एकमेकींना नुसत्या टेकतात. आमच्या दोऱ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट होती. इतका पीळ घेऊन ती काच इतकी वर्षं टिकली, याचंच मला नवल वाटलं. फ्रेम हळूहळू उलट पिळून दोऱ्या टेकवल्या, मग प्रायमर, मग रंग. खालच्या पट्टीला पाणी निघून जायला छिद्रं ठेवून घेतली. बॉडीखालचे गट्टूही तेव्हाच बदलले. काचेपेक्षा या कामाला जास्त पैसे गेले, आणि ते योग्य जागी गेले असं मला वाटतं.

आता काच. या जीपची काच पूर्ण सपाट, त्यामुळे कंपनीच्या पार्टची वाट बघावी लागत नाही. लॅमिनेटेड शीटमधून हव्या त्या मापाची कापून मिळते. मात्र दुकानात "टफन घ्या, मजबूत असते" असं कुणी म्हटलं तर तिथून निघावं. टफन काच फुटते तेव्हा एका क्षणात सगळी बारीक दाणे होऊन जाते. घाटात, चालत्या गाडीत, समोरचं काही दिसेनासं होतं किंवा काचच अंगावर येते. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पारदर्शक थर असतो, तडा गेला तरी तुकडे त्यालाच धरून राहतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० क्रमांकाचा नियम पुढची काच लॅमिनेटेडच मागतो, आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असंही सांगतो.

कापताना मी उभी राहून बघितलं. आधी पुठ्ठ्याचा फर्मा. मग काचेच्या एका बाजूला कटरची रेघ, पालटून बरोबर तिच्यावर दुसऱ्या बाजूला रेघ, दोन्ही काचा हळूच तोडल्या. तरी मधला थर सुटत नाही. त्या फटीत स्पिरिट ओतून पेटवलं, थर मऊ झाला आणि पातळ पात्याने कापला. कडा घासून घेतल्याशिवाय काच उचलू देऊ नका. कडेला राहिलेला बारीकसा टवकाही पुढच्या तड्याची सुरुवात असतो.

बसवायला दोन माणसं लागतात. नवं रबर काचेभोवती चढवायचं, त्याच्या बाहेरच्या खाचेत सगळीकडून मजबूत दोरी फिरवायची, टोकं आतल्या बाजूला. साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर खराब होतं. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची, म्हणजे रबराचा ओठ फ्रेमवर चढत येतो. शेवटच्या कोपऱ्यात हातोडी मागावी लागली तर थांबा, माप चुकलंय. आमची काच नुसत्या हातांनी बसली. मग पाइपने पाणी मारून बघितलं, आत थेंब नाही.

महिंद्राच्याच नव्या थारला यातलं फारसं लागू नाही. २०२० नंतरच्या थारची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने फ्रेमला चिकटवलेली असते, ती काढणं-बसवणं घरच्या अंगणातलं काम नव्हे. चिकटवल्यावर गोंद धरेपर्यंत गाडी हलवायची नाही, दारं आपटायची नाहीत. माझ्या चुलतभावाच्या थारला खरोखरच दगड लागला होता, छोटा, गोल, चालवणाऱ्याच्या नजरेच्या रेषेबाहेर. अशा खड्ड्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावावी, धूळपाणी आत गेलं की दुरुस्ती स्वच्छ होत नाही. त्यात रेझिन भरून अतिनील दिव्याखाली घट्ट करतात. डाग थोडा दिसतो, तडा पुढे सरकायचा थांबतो. कडेला पोहोचलेली लांब रेघ मात्र रेझिनने भरून घेऊ नये, काच बदलावी.

चुलतभाऊ विम्याचा क्लेम करायला निघाला होता. काचेवर घसारा, म्हणजे जुनी झाल्याबद्दलची रक्कम, कापत नाहीत, हे खरं. पण १५०० सीसीच्या वरच्या गाडीला पहिले २००० रुपये आपलेच, आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. एका खड्ड्यासाठी तो घालवू नकोस, असं मी त्याला सांगितलं. त्याने रेझिन भरून घेतलं आणि पैसे खिशातून दिले.