आज पहिल्यांदाच ईव्हिल कॅरेक्टर खेळले
पाच तास डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र घेऊन खेळायचा कल्पनेतला गेम) खेळून आत्ता घरी आलेय आणि झोपच येत नाहीये. लॉफुल ईव्हिल वॉरलॉक घेतली होती, म्हणजे नियम पाळणारी पण दुष्ट जादूगारीण. 1974 च्या मूळ गेममध्ये पात्राच्या स्वभावासाठी नुसतं लॉ (नियम), न्यूट्रल (मधलं), केऑस (बेबंद) होतं, गुड-ईव्हिल नंतर आलं, आणि बरेच जण ईव्हिल म्हणजे आपल्याच पार्टीचं (खेळातल्या साथीदारांचं) सोनं ढापायचं असं धरतात, त्यानेच ग्रुप फुटतात. माझी वॉरलॉक साथीदारांना जपते, शब्द मोडत नाही. पण पकडलेल्या गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) "सोडते" म्हणाली आणि कड्यावरून सोडलं. टेबलावर एकदम शांतता. डीएमने (डंजन मास्टर, गेम चालवणारी व्यक्ती) लगेच थांबून सगळ्यांना विचारलं, चालेल ना, हे फार आवडलं मला. पॅलाडिन, म्हणजे सत्शील योद्धा, खेळणारा दादा म्हणाला, चालेल, पण माझा पॅलाडिन आता तुझ्याशी बोलणार नाही. पुढच्या रविवारी काय होतंय, आत्तापासूनच धडधडतंय!