टाकी फुल केली की बंद पडणारी ट्रॅव्हलर

मागच्या महिन्यातली गोष्ट, डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय. माझं गॅरेज चिपळूणला, बहुतेक काम जुन्या डिझेल गाड्यांचं. पुण्याचे एक काका-काकू 1998ची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आले, म्हणजे टोचन लावून आणली. आतून घर केलेलं, बेड, ओटा, बेसिन, पाण्याची टाकी सगळं. रिटायर झाल्यावर फिरायचं म्हणून तीन वर्षांपूर्वी बनवून घेतलेली. तक्रार एकच आणि दिवाळीपासूनची, चढाला लागली की दम जातो, आचके देते, बंद. अर्धा-पाऊण तास उभी केली की चालू, काही झालंच नाही अशी.

यातलं इंजिन ओएम 616. मूळ मर्सिडीजचं, बजाज टेम्पोने लायसन्सवर इथे बनवलेलं, 2.4 लिटर, चार सिलेंडर, ना कॉम्प्युटर ना सेन्सर. हवा, डिझेल आणि कॉम्प्रेशन मिळालं की हे इंजिन चालणारच, मी याच्यावरच काम शिकलोय. त्यामुळे तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू ऐकलं तरी मला तेव्हाच वाटलं की इंजिनात दोष नाही, डिझेल कमी पडतंय. पण काकांनी फाईल काढली. दोन ठिकाणी काम झालेलं. एकाने इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बदलले, दुसऱ्याने नोझलला प्रेशरने डिझेल देणारा मेन पंपच उतरवून कॅलिब्रेशनला (सेटिंग तपासायला) पाठवला, तीस हजारांच्या वर बिल. फिल्टर तर चार वेळा बदललेला. डिझेल कुठून तुटतंय हे न बघता पंप खोलायचा याचा मला मनापासून राग येतो. पंप शेवटी खोलायची वस्तू आहे.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) आधी ट्रान्सपरंट पाईप लावला, गाडी चालू करून मोकळ्या रोडला एक चक्कर मारली. बुडबुडे दिसले, बारीक पण सतत. म्हटलं डिझेलची लाईन कुठूनतरी एअर घेतेय. रबरी पाईप सगळे नवीन टाकले, पाईप जोडणाऱ्या बँजो बोल्टचे कॉपर वॉशर बदलले, प्रायमरने (डिझेल ओढायचा हातपंप) एअर काढली. परत बुडबुडे. यात माझा अख्खा दिवस गेला आणि ते वॉशर तर आधीचेच चांगले होते.

दुसऱ्या दिवशी पाच लिटरचा कॅन ड्रायव्हरच्या बाजूला बांधला, फीड पंपाचा पाईप कॅनमध्ये आणि उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्नचाही कॅनमध्येच (रिटर्न टाकीत राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होतो, नवीन पोरं हे हमखास विसरतात). कुंभार्ली घाट चढवला. एकदाही आचका नाही, सेकंड-थर्डमध्ये मस्त ओढली. म्हणजे पंप, नोझल, फिल्टर, इंजिन सगळं ओके. दोष डिझेलच्या टाकीकडे. मी ठरवून टाकलं की टाकीतली जाळी चोक आहे, टाकी उतरवायची.

टाकी उतरवायची तर पाण्याच्या टाकीचा लोखंडी अँगल कापावा लागणार होता. ते सांगायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "दादा, एक सांगू का? ही फुल टाकी केल्यावरच बंद पडते. हजारचं डिझेल टाकलं तर कधीच नाही पडली." त्यांच्याकडे वही होती. तारीख, किलोमीटर, किती लिटर, कुठे मुक्काम. पुण्यातून फुल करून निघाले, खंबाटकीच्या चढाला बंद. चिपळूणला फुल केली, कुंभार्लीत बंद. मी पानं उलटून बघितली, पाचही वेळा फुल टाकीनंतर साठ किलोमीटरच्या आत. काका म्हणाले, "हे आम्ही सगळ्यांना सांगितलंय, सगळे म्हणतात पंपावरचं डिझेल खराब." आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी त्यांनी मलाही सांगितलं होतं, मी पण बाटलीत डिझेल काढून पाणी आहे का तेवढं बघितलं आणि विषय सोडला.

जाळी चोक असेल तर डिझेल कमी असताना त्रास जास्त व्हायला हवा, इथे उलटं. मी तिथेच स्टुलावर बसलो. टाकी फुल म्हणजे वर हवा कमी. समजा दहाच लिटर हवा आहे आणि बाहेरून नवीन हवा येत नाहीये, तर घाटात तीन लिटर डिझेल जळलं की तीच हवा तेरा लिटर जागेत ताणली जाते, प्रेशर जवळपास पाव भागाने पडतं. टाकी अर्धी असेल तर तेच तीन लिटर चाळीस लिटर हवेतून जातात, फरक जाणवत पण नाही. टाकीत व्हॅक्युम झाला की फीड पंपाला ओढवत नाही आणि डिझेलमध्ये विरघळलेली हवा बाहेर येते, माझ्या पाईपमध्ये दिसत होते ते तेच बुडबुडे. गळती कुठे नव्हतीच.

कॅन काढला, मूळ लाईन जोडली, टाकी काठोकाठ भरली आणि परत घाटात. अर्ध्या चढावर आचके, मग बंद. मागे चाकाला दगड लावला, काकांकडून चावी घेतली आणि झाकण उघडलं. सूंऽऽ करून कितीतरी वेळ हवा आत गेली. प्रायमर मारला, सेल्फ दिला, चालू.

गॅरेजमध्ये आल्यावर खाली घुसून बघितलं तर डिझेलच्या टाकीत हवा आत घेणारा एअर पाईप पाण्याच्या टाकीच्या अँगलखाली चेपलेला, पार पट्टी झालेला. बॉडी बनवणाऱ्याने फर्निचर सुंदर केलंय, पण खाली काय दाबलं जातंय हे बघायची तसदी घेतली नाही. मग मला प्रश्न पडला की हे तीन वर्षांपूर्वीचं, तर त्रास दिवाळीपासूनच का? काकांना विचारलं, झाकण कधी बदललं? तर दिवाळीतच. जुनं एका पेट्रोल पंपावर राहून गेलं, म्हणून लॉकवालं नवीन घेतलं, चांगलं घट्ट रबर असलेलं. जुन्या झाकणाच्या कडेने हवा जात होती, तेवढ्यावर गाडी चालत होती. झाकण बदलणं हे कुणाला रिपेअर वाटतच नाही, त्यामुळे ते ना फाईलमध्ये होतं ना वहीत.

पाईप नवीन टाकला, अँगलपासून लांब वळवून वर नेला, झाकण हवा घेणारं बसवलं. फुल टाकीवर कोयनानगरला जाऊन परत आलो, वर पोचल्यावर झाकण उघडलं, आवाज नाही.

बिल करताना काकांनी हळू आवाजात विचारलं, "मग पंपाचं काम करायचंच नव्हतं का?" दुसऱ्या मेकॅनिकच्या कामावर बोलायचं नाही हे मी पाळतो. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि पेन्शनचे पैसे होते ते. मी म्हटलं, "नव्हतं काका." ते काही बोलले नाहीत. काकूंनी वही उघडून झाकणाची तारीख विचारली आणि दिवाळीच्या पानावर लिहून घेतली.