लॉरा स्वतः गेली

आज परत डिक व्हॅन डाइक शो ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका लावली, लॉरा टीव्हीवर नको ते बोलून बसते तो एपिसोड, १९६५ चा. रॉब पेट्री हा ॲलन ब्रेडी नावाच्या टीव्हीस्टारचा हेड रायटर, आणि त्याची बायको लॉरा एका गेम शोमध्ये सगळ्या देशासमोर बोलून जाते की ॲलनला टक्कल आहे, तो विग लावतो. झालं, नवऱ्याची नोकरीच धोक्यात.

मला आवडतं ते याच्या पुढचं. ती नवऱ्याला पुढे करून मागे लपत नाही, एकटी ॲलनच्या ऑफिसात जाते, तो सगळे विग टेबलावर मांडून बसलेला आणि चक्क त्या विगांशी बोलतोय. ॲलन म्हणजे कार्ल रायनर, ही मालिकाच त्याने तयार केलेली, आणि टक्कलही खरंच त्याचं. आधी तो सिड सीझर या विनोदी नटाच्या टीव्ही शोमध्ये काम करायचा, न्यूयॉर्कजवळ न्यू रोशेलला राहायचा, पेट्रींचं घरही तिथलंच. रॉबचा रोल पण आधी त्याने स्वतःच केला होता पण तो पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला एपिसोड, काही विकला गेला नाही, मग रॉब म्हणून डिक व्हॅन डाइक आला आणि १९६१ ते १९६६ मध्ये १५८ एपिसोड झाले.

मेरी टायलर मूरची लॉरा घरात कॅप्री पँट घालून वावरते तेव्हा, त्या काळात, चॅनलवाल्यांना ते खटकलं होतं म्हणे, आणि बेडरूममध्ये मात्र नवराबायकोचे पलंग वेगवेगळे! पण हे दोघं एकमेकांना मनापासून आवडतात हे इतकं दिसतं ना, रॉब ऑफिसातली कटकट घरी येऊन सांगतो आणि ती ऐकते, भांडते, मत देते. आमच्या घरी बाबा ऑफिसचा विषय काढायचेच नाहीत, आईला त्यांच्या साहेबाचं नाव तरी माहीत होतं की नाही कोण जाणे, म्हणून मला हे फार हवंहवंसं वाटतं.

रॉबच्या ऑफिसातल्या लेखिकेचं, सॅलीचं मात्र वाईट वाटतं दरवेळी. रोझ मेरीने काय जबरदस्त केलीय ती, रॉब आणि तिसरा लेखक बडी यांच्या बरोबरीने जोक लिहिते, टाइपरायटरवर पण तीच, आणि तरी सतत तिच्या लग्नावरनं विनोद. इतक्या हुशार बाईला तिच्या कामासाठीच एखादा आख्खा एपिसोड द्यायला हवा होता, नवरा शोधायची भानगड न घालता.