ग्रामसभेत विषय मांडला, ठरावही करून घेतला

आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत नळ नव्हता. मदतनीस मावशी लांबच्या हापशावरून कळश्या आणायच्या. हा विषय मी ग्रामसभेत नेला. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो, त्यामुळे बोलायचा हक्क होताच. पण नुसतं बोलणं वेगळं आणि ठराव होणं वेगळं.

सभेची नोटीस लागण्याआधीच लेखी अर्ज दिला. दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का घेतला. ‘ऐनवेळच्या विषयांत घेऊ’ असं सांगतात, पण त्या विषयांची पाळी येईपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ती अजिबात चुकवू नका. सासरे, दीर समोर बसलेले असताना तोंड न उघडणाऱ्या बायका तिथे मोकळेपणी बोलल्या. एक जण म्हणाली, “आणलेल्या कळशीत पोरांना पाणी पाजायचं का भांडी घासायची, हे मावशींना रोज ठरवावं लागतं.” मग महिला सभेनेच नळाची शिफारस केली.

पहिली ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल तेवढी माणसं लागतात. तहकूब सभेला ही अट नसते, पण नवा विषयही घेता येत नाही. आमचा विषय विषयपत्रिकेवर होता, म्हणूनच चर्चेला आला.

“निधी कुठून आणायचा?” असा प्रश्न निघालाच. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीतला 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्च करता येणारा होता आणि त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी होता, हे मी वाचून गेले होते. तेवढं सांगितल्यावर सरपंच ताईंनी मान डोलावली. ग्रामपंचायतीचे सचिव भाऊसाहेब इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या नोंदीत लिहायला लागले.

मी म्हटलं, “भाऊसाहेब, काय लिहिलंत ते वाचून दाखवता का?”

“अंगणवाडीच्या पाण्याबाबत चर्चा झाली.”

“चर्चा नको, ठराव लिहा. सूचक मी.”

अनुमोदक कोण, असं त्यांनी विचारताच शेजारच्या आत्याबाई मागून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “माझं नाव घाला.” सभेत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. भाऊसाहेबांनी आधीची ओळ खोडली आणि अंगणवाडीस नळजोडणी देणे, खर्च बंधित निधीतून करणे, सर्वानुमते मंजूर, असं लिहून सगळ्यांना वाचून दाखवलं. खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

नंतर अर्ज करून ठरावाची नक्कल घेतली. गावाच्या विकास आराखड्यात हे काम आलं आहे. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचतील तेव्हा काम कुठवर आलं, हे आत्याबाईच विचारणार आहेत. वस्तीवरच्या रस्त्याच्या दिव्यांचा अर्जही आम्ही देऊन ठेवला आहे.